मी न नाकारलेली दिल्ली

अन्याय झाला तो करुणावर. गेल्या वर्षी, जुलैच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी. ठिकाण — शहागड, आमच्या घराची पुढची खोली. अन्याय करणारी — मी.

कुणावर, कधी, कुठं, कुणी, हे पहिल्या चार ओळींत आलंच पाहिजे, असं मी संघटनेतल्या नव्या पोरापोरींना शिकवते. पत्रकं लिहून लिहून माझा हातच तसा बसलाय. फक्त ‘कुणी’च्या पुढं आजवर नेहमी दुसऱ्याचं नाव असायचं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, संघटनेत नाही, करुणाला तर नाहीच. तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय. आणि खरं सांगू? लिहायला बसल्यापासून चक्क हुरूप आलाय. आता हुरूप यायचा मला हक्क आहे का, ते तुम्ही ठरवा.

तर दिल्ली. इतिहासात एम.ए. झाल्यावर मी पीएच.डी.साठी पाच विद्यापीठांत अर्ज केले. विषय — ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या आठवणी. चार ठिकाणी पहिल्याच चाळणीत गळाले. दिल्लीच्या एका विद्यापीठानं मात्र मुलाखतीला बोलावलं. मुलाखतीचं बोलावणं म्हणजे निवड नव्हे, हे मला कळत होतं. पण आमच्या संघटनेच्या पोरांना दम कुठला? मी परतीच्या गाडीत असतानाच फाट्यावर फ्लेक्स लागला — ‘शहागडची लेक दिल्लीत! पीएच.डी.साठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली अकरा शुभेच्छुक. माझा फोटो हॉल तिकिटावरून उचललेला, त्यात मी आधीच कुणावर तरी चिडलेली.

मुलाखतीत काय झालं तेही सांगते. टेबलापलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, तुमची साधनं कोणती? म्हणजे कुठली कागदपत्रं पाहिलीत, कुठल्या गावांत गेलात, किती जणींशी बोललात. मी ठणकावून म्हणाले, "जनता!" त्या पुढं काहीतरी येईल म्हणून थांबल्या. मीही थांबले. मग काहीच येईना म्हणून मी व्यवस्थेवर बोलले. बराच वेळ बोलले. शेवटी टेबलावर मूठ आपटली, तेव्हा एका सरांचा चहा त्यांच्याच कागदांवर सांडला. तोवर मी प्रत्यक्षात तीन बायकांशी बोलले होते. त्यातली एक माझी मावशी.

यादी लागली. माझं नाव नव्हतं. प्रतीक्षा यादी खालून वर वाचली, मग वरून खाली. तिथंही नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी माझा सत्कार.

अशा वेळी सरळ माणूस काय करतं? माइक घेतं आणि म्हणतं — बाबांनो, न्हाई झालं. मीही माइक घेतला. समोर भरलेलं सभागृह, पहिल्या रांगेत नवी साडी नेसून आलेली आई. माझ्या तोंडून निघालं, "मी दिल्लीला जाणार नाही!" इथवर शंभर टक्के खरं होतं. इथंच खाली बसले असते तर? — पण टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर थांबायचं मला कुणी शिकवलेलंच नाही. मी म्हणाले, दिल्लीची जागा मी लाथाडली. शिकलीसवरली माणसं गाव सोडून जातात, मी जाणार नाही. आमच्या बायकांचा इतिहास मी आमच्याच मातीत बसून लिहीन! शाल आली, नारळ आला, एका आजोबांनी डोळे पुसले.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "तू न्हाई म्हणलीस त्ये बरं केलंस. पण त्यांनी ‘ये’ म्हणल्याचा कागद तं दाखव."

मी म्हणाले, ते कम्प्युटरवर असतं.

"मंग कम्प्युटर दाखव."

मी ताट घेऊन जेवायला बसले.

महिनाभरानं हीच कथा आमच्या पत्रकात छापून आली. लिहिली मीच — ‘ताईंनी दिल्लीचं आमंत्रण नम्रपणे नाकारलं’, असं, जणू ताई म्हणजे कुणी दुसरीच. तीर्थपुरीच्या बाजारात ती पत्रकं मी स्वतः वाटली.

इथवर तुम्ही हसून सोडून द्याल. मीही सोडत आले. थोडी फुशारकी मारली, कुणाचं काय गेलं? वर्षभर मला एवढाच कबुलीजबाब द्यायचा होता — गमतीचा, टाळ्यांचा. पण ज्याच्याभोवती मी फिरून राह्यलेय ते अजून आलेलं नाही.

करुणा अंकुशनगरची. वडील साखर कारखान्यात फिटर. माझ्या मागं दोन वर्षं, मराठीत एम.ए. तिचा विषय ऐकून मी आधी हसले होते — ट्रकांच्या मागं लिहिलेला मजकूर. देवाची नावं, बायकोपोरांची नावं, शेर, टोमणे, शिव्या झाकलेल्या शुभेच्छा. दोन वर्षं ही पोरगी सुट्टीच्या दिवशी हायवेवरच्या ढाब्यांवर उभी राहून फोटो काढायची. प्रत्येक फोटोखाली ड्रायव्हरचं गाव, रंगवणाऱ्याचं नाव, त्यानं तोच मजकूर का निवडला ते. अशा चार वह्या. तिला कुणी साधनं विचारली असती तर तिनं वह्या टेबलावर ठेवल्या असत्या. चहा सांडला नसता.

त्या शनिवारी ती दोन पत्रं घेऊन आल्ती. एक हैदराबादचं — शिष्यवृत्ती, वसतिगृह, गाईडचं नावसुद्धा ठरलेलं. दुसरं जवळच्या एका विद्यापीठाचं — शिष्यवृत्ती नाही, गाईड ‘यथावकाश’. तिनं माझं पत्रक वाचलं होतं. घरून धपाटे आणले होते. म्हणाली, "ताई, दिल्ली सोडताना तुमच्या मनात काय आल्तं तेवढं सांगा. तसंच माझ्या मनात आलं तं मी बी हैदराबाद सोडीन."

मी हैदराबादचं पत्र हातात घेतलं. तसलं पत्र मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. त्यात एक ओळ होती — तुमच्या वह्यांमधलं आणखी वाचायला आम्ही उत्सुक आहोत. ती ओळ मी दोनदा वाचली.

आणि — हे लिहायला मला तीन कागद फाडावे लागले — माझ्या मनात मराठवाडा आला नाही. बाया आल्या नाहीत, माती आली नाही. मनात आलं, हिला आलं, मला नाही. हिनं जाऊ नये.

बस. एवढंच होतं. बाकीचं तोंडानं केलं. तोंडाला सवय होतीच. सगळे गेले तर इथं कोण उरेल, आपले ट्रक सोडून तिकडं काय बघशील, हैदराबादला तुझी भाषा कुणाला कळणार — अर्धा तास मी तिला माझा सत्कार पुन्हा ऐकवला. तिनं माझ्याच लॅपटॉपवर हैदराबादचा प्रवेश नाकारायचं पान उघडलं. बोट ठेवून माझ्याकडं बघितलं.

"दाबू, ताई?"

"दाब," मी म्हणाले.

चार वाजून वीस मिनिटं. पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होती. मग आम्ही धपाटे खाल्ले. चांगले लागले — हेच मला सगळ्यात जास्त लागतं. घास घशात अडकायला नको होता का?

पुढचं वर्ष तिचं कसं गेलं? गाईड ‘यथावकाश’च राहिला. विद्यापीठाच्या समितीची बैठक पुढं, आणखी पुढं. ती तासिकेवर शिकवत राहिली, रविवारी ट्रकांचे फोटो काढत राहिली. पाचवी वही भरली. माझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. उलट कुणी कुरकुरलं की म्हणायची, ताईंनी तं दिल्ली सोडली, माझं काय, हैदराबादच.

यंदा तिनं मला न विचारता पुन्हा अर्ज केले. तिनं केलेल्या शहाण्या गोष्टींत ही पहिली. गेल्या रविवारी फोन आला, खळखळून हसत होती.

"ताई, दोन्हीकडून आलं! हैदराबाद बी, अन् तुम्ही सोडली ती दिल्ली बी! पण आमचे बाबा तुमचं पत्रक दाखवून राह्यलेत. पुढच्या सोमवारपर्यंतच मुदत हे. तुम्ही या ना एकदा, तुमचंच ऐकतेत ते."

तेवढ्यात वडिलांनी फोन घेतला. "ताई, तुम्हीच समजावा हिला. तुमच्यासारखी हुशार पोर दिल्ली सोडून घरी ऱ्हायली, मंग हिला कशाची घाई? तुम्हाला काय अक्कल कमी होती का?"

होती, काका. बिलकुल कमी होती.

पण फोनवर मी ते म्हणाले का? मी म्हणाले, "येते." आणि पाच दिवस हा कागद लिहीत बसले. तुम्ही त्या माणसाला दोष देऊ नका. त्यांचा हिशेब बराबर आहे. मोठ्या बहिणीसारखी एक पोरगी दिल्ली नाकारून सुखात दिसत असेल, तर आपल्या लेकीला हजार कोस कशाला धाडायचं? अशी किती घरं असतील, जिथं माझं खोटं उंबऱ्यात आडवं पडलंय? मला माहीत नाही. पत्रकं मी मोजून वाटली नव्हती.

उद्या शनिवार. सकाळच्या गाडीनं मी अंकुशनगरला जातेय. हा कागद छापायला देण्याआधी करुणासमोर आणि तिच्या वडिलांसमोर मोठ्यानं वाचणार — ‘दाब’सकट. ती हसेल, रडेल, का मला दाराबाहेर काढेल, तिची मर्जी. वय लहान होतं, फ्लेक्स पोरांनी लावला, नाहीतरी तिच्या वडिलांनी अडवलंच असतं — यातलं एकही वाक्य मी तिथं बोलणार नाही. दिल्लीनं मला घेतलं नाही. बरोबर केलं. करुणाला मी अडवलं. जळून अडवलं.

मला काही म्हणू नका, समजून घेऊ नका, पाठ तर अजिबात थोपटू नका. पण तुमच्या घरात, गल्लीत, वर्गात कुणी पोरगी दूरच्या विद्यापीठाचं पत्र हातात धरून बसली असेल, आणि तुम्ही माझं नाव घेऊन तिला थांबवलं असेल, तर आत्ता उठा. तिला खरं सांगा. मुदत बघा, फॉर्म तिच्यासमोर ठेवा, आणि गाडीच्या दिवशी तिची जड बॅग तुम्ही उचला.