हेत्किनेनबाईंचं नाव

भूगोलाची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या जागी कोणी मिळेना, तेव्हा मुख्याध्यापिकेला आपली मावशी आठवली. मावशी काही शिक्षिका नव्हती. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, परदेशच्या बोर्डावर गेली होती. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे आणि हातात वायरीचा प्लग. एका देशातला माणूस दुसऱ्या देशातल्या माणसाला जोडून द्यायचा, हे तिचं काम.

"मला कुठं शिकवता येतंय?" मावशी म्हणाली. "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"जगातले देश आणि भाषा, एवढंच उरलंय. आणि देशांशी तुझ्याइतकं कोण बोललंय?"

"मी नुसती जोडून द्यायचे गं. बोलायचे दुसरेच."

पण भाचीला नाही म्हणणं तिला कधीच जमलं नव्हतं. सोमवारी ती इस्त्रीची साडी नेसून सातवीच्या वर्गात उभी राहिली. दोन दिवस तिने पुस्तक वाचून दाखवलं. अमुक देश, तमुक राजधानी, भाषा ही, लोकसंख्या ती. मागच्या बाकांवर माना डुलायला लागल्या. तिसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या एका मुलाने विचारलं, "बाई, यातल्या कुठल्या देशात तुम्ही गेलाय?"

"एकाही नाही."

वर्गात खसखस पिकली. बाईंनाही हसू आलं. त्यांनी पुस्तक मिटलं.

"पाहिला एकही नाही," त्या म्हणाल्या, "पण ऐकलेत बरेच. आता मला सांगा, फोन उचलला की तुम्ही काय म्हणता?"

"हॅलो."

"इटलीतला माणूस म्हणतो, प्रोंतो. म्हणजे, मी तयार आहे. रशियातला म्हणतो, स्लूशायू. म्हणजे, ऐकतोय. स्पेनमधला म्हणतो, दीगा. म्हणजे बोला."

"आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदारपण बोलाच म्हणतो," कोणीतरी म्हणालं.

"मग तो अर्धा स्पॅनिश झाला की."

त्या दिवसापासून वर्ग जागा झाला. डबा खाण्याच्या सुट्टीत मुलं मुठी कानाला लावून एकमेकांना प्रोंतो, दीगा करत फिरू लागली. बाईंचं नाव पडलं हॅलोबाई. वर्गात असा लुटुपुटीचा फोन लावायच्या आधी ज्या देशाला लावायचा तो नकाशावर शोधायचा, तिथे आता किती वाजले असतील ते सांगायचं, मगच 'कनेक्शन' मिळायचं, असा बाईंचा नियम होता. पुस्तकातलं जे दोन दिवसांत कोणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते असं खेळता खेळता पाठ झालं.

फिनलंडची पाळी आली तेव्हा बाई जरा खुलल्या. तिथे त्यांची मैत्रीण होती. वर्तमानपत्राच्या कागदाचा एक व्यापारी दर मंगळवारी सकाळी तिकडच्या कारखान्याला फोन लावायचा. लाइन जुळायला वेळ लागे, तेवढ्यात इकडची ऑपरेटर आणि तिकडची ऑपरेटर दोन शब्द बोलून घेत. दोघींचं इंग्रजी सारखंच लंगडं, त्यामुळे कोणी कोणाला लाजत नव्हतं.

"पहिल्याच दिवशी मी विचारलं, कोण बोलतंय? ती म्हणाली, हेत्किनेन. मी नाव चिठ्ठीवर लिहून ठेवलं. पुढच्या मंगळवारी म्हटलं, गुड मॉर्निंग, मिस हेत्किनेन. तर ही खुदकन हसली. मोठी हसरी बाई. अकरा वर्षं आम्ही बोललो. थंडीत मी विचारायचे, उजाडलं का गं? ती म्हणायची, उजाडेल आता, आणि लगेच मावळेल. तिच्या मुलाचे दुधाचे दात पडले ते मला माहीत, माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं ते तिला माहीत."

"मग आता?"

"मग लोक आपले आपण थेट नंबर फिरवायला लागले. मंगळवारचा फोन बंद झाला. निरोप घ्यायचंही राहिलं."

पहिल्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी बसायची. ती प्रत्येक परका शब्द वहीत उतरवून घ्यायची आणि घरी जाऊन आईच्या मोबाइलवर त्याचा अर्थ बघायची. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती टेबलाशी घुटमळत राहिली. सगळे गेल्यावर तिने वही पुढे केली.

"बाई, हेत्किनेन हे नाव नाहीये बहुतेक."

"मग काय आहे?"

"एक क्षण. म्हणजे... जरा थांबा."

बाईंनी वहीत पाहिलं. अक्षर सुवाच्य होतं. त्यांना एकदम सगळं स्पष्ट दिसलं. ती पहिल्या दिवसाची घाई, बिचारी दुसऱ्या कोणाशी तरी बोलत असणार, आणि आपण तिला विचारतोय कोण बोलतंय. मग अकरा वर्षं, दर मंगळवारी, गुड मॉर्निंग, मिस जराथांबा.

"तुम्हाला राग आला का?" मुलीने विचारलं.

"नाही गं बाळा. बरं केलंस सांगितलंस. जा, उशीर होईल."

घरी गेल्यावर मात्र त्यांचं कशात लक्ष लागेना. संध्याकाळी भाची आली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं. भाचीची हसून हसून मुरकुंडी वळली. मावशी हसत नाही हे बघून ती थांबली.

"अगं, तिने तरी सांगायचं होतं."

"पहिल्यांदा गंमत वाटली असेल. मग सांगायची वेळ निघून गेली असेल. होतं असं." मावशी म्हणाली. "तिने माझं नाव पहिल्याच महिन्यात नीट विचारून घेतलं होतं. एकेक अक्षर करून. तिच्या तोंडात ते वाकडंच यायचं, पण माझंच नाव असायचं. मला मात्र तिचं खरं नाव कधी विचारावंसं वाटलं नाही. मला वाटलं, मला माहीतच आहे."

"मुलांना नको सांगूस. विसरून जातील."

"मी शिकवलंय ना? मग चुकलेलं मीच दुरुस्त करायला हवं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर तो शब्द लिहिला, शेजारी अर्थ लिहिला, आणि झालेली फजिती जशीच्या तशी सांगितली. चूक कोणी शोधली, तेही सांगितलं. वर्ग पोट धरून हसला. चष्मेवाली मुलगी मान खाली घालून बसली होती. हसू ओसरल्यावर खिडकीजवळचा मुलगा म्हणाला, "मग तुमच्या मैत्रिणीचं नाव काय?"

"तेच तर मला माहीत नाही."

"विचारू या की."

मग दोन तास पत्र लिहिण्यात गेले. तिकडच्या टेलिफोन खात्याच्या जुन्या कचेरीचा पत्ता शोधला, सोप्या इंग्रजीत मजकूर झाला, खाली एकोणचाळीस सह्या झाल्या. मुलं रोज विचारायची, मग आठवड्याने विचारू लागली, मग विसरली. उत्तर अडीच महिन्यांनी आलं. कोणा कारकुनाने मनापासून शोध घेतला होता. त्या वर्षांत मंगळवारी सकाळच्या पाळीला चौघीजणी असत. दोघी वारल्या. एक वृद्धाश्रमात आहे, तिला आता काही आठवत नाही. चौथी परगावी गेली, तिचा पत्ता नाही. चौघींची नावं त्याने लिहून पाठवली होती.

बाईंनी ती चारही नावं वर्गात मोठ्याने वाचली. अडखळल्या, परत वाचली.

"यातलं कुठलं, बाई?"

"सांगता येत नाही. चारही पाठ करते."

रजेवरची बाई परत आली, पण मुख्याध्यापिकेने शुक्रवारचा एक तास मावशीलाच ठेवला. त्या तासानंतर अर्धा तास हॅलोबाई आणि चष्मेवाली मुलगी एकाच बाकावर बसून फिनिश शिकतात. त्या भाषेत पंधरा विभक्ती आहेत हे कळल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला होता. आपल्या आठ पाठ करताना शाळेत त्यांनी छड्या खाल्ल्या होत्या. सध्या बाई चौथ्या विभक्तीत अडकल्या आहेत. मुलगी सातव्या विभक्तीपर्यंत पोचली आहे आणि दर शुक्रवारी बाईंची वही तपासते. चुका लाल पेनाने नको, पेन्सिलीने खूण कर, एवढी एकच सवलत बाईंनी मागून घेतली आहे.