बोटांनी ओळखलेलं रान

लॉर्ना हेगस्टॅडने क्लॅमथ गावच्या लाकूड गिरणीत तीस वर्षं रेडवूडच्या फळ्या रचल्या, पण रानातली झाडं तिने कधी निरखली नव्हती. गिरणी बंद पडली, पाठोपाठ तिची नजर गेली आणि ती घरात बसून राहिली. शेजारची आयलीन ही तिथल्या युरोक या मूळनिवासी जमातीची, टोपल्या विणणारी बाई. तिने लॉर्नाला हाताला धरून रानात नेलं.

"मला काय दिसणार तिथे?" लॉर्ना कुरकुरली.

"हात आहेत ना? चाचपून बघ."

हळूहळू नेच्याच्या पानांची धार, टॅनओक झाडाच्या कोवळ्या पानांवरची लव, बे नावाच्या झाडाच्या चुरगळलेल्या पानाचा झोंबरा वास, सगळं तिच्या ओळखीचं झालं.

यंदा आयलीनचे गुडघे धरले. टोपलीच्या नक्षीला लागणारे काळे, गुळगुळीत नेच्याचे देठ ओढ्याकाठी लॉर्नानेच वेचले. ओंडक्यावर बसलेल्या आयलीनने जुडी निरखली.

"एकही चुकला नाही गं. मला वाकवत नाही, तुला दिसत नाही. दोघी मिळून एक धड बाई होतो बघ."

लॉर्ना हसली. मग म्हणाली, "त्या दिवशी तू ओढून आणलं नसतंस, तर मी अजून खिडकीशीच बसले असते."

आयलीनने लॉर्नाच्या बोटांचा चिखल आपल्या रुमालाने पुसला.