घंटामास्तरांचा दावा

पडदा वर जातो. कोर्टाची लांबट खोली, डोक्यावर करकरणारा पंखा, भिंतीलगत बाक. बाकाच्या टोकाला आमचे घंटामास्तर, कडक इस्त्रीचा सदरा घालून. शेजारी मी, सोबतीला आलेली.

चाळीस वर्षं आमच्या नाटक कंपनीत प्रयोगाच्या तीन घंटा त्यांनीच दिल्या. पहिलीला आम्ही चहा पीत असायचो, दुसरीला आरशापुढे भुवया कोरत. धावायचो ते तिसरीला. माझा अंबाडा जमला नसेल, तर मास्तर तिसरी घंटा चार मिनिटं अडवून धरायचे. फार मायेचा माणूस.

थोरल्या भावानं त्यांच्या वाटणीच्या खोलीला कुलूप ठोकलं आणि मास्तर जिन्याखाली आले. दावा त्या खोलीसाठी. वाटणीपत्रावर साक्षीदार म्हणून धाकट्या बहिणीची सही होती. तिनं कोर्टात येऊन एवढंच सांगायचं होतं. मास्तर मात्र चार वर्षं तारखा मागत राहिले.

मग न्यायाधीशांनी बजावलं, साक्षीदार आणा, नाहीतर दावा काढून टाकीन. वकीलबाई कावल्या.

"मास्तर, आता तरी बहिणीला आणा!"

"अहो, ही तर पहिली घंटा. लोक अजून बाहेर गप्पा मारतायत."

पुढच्या तारखेला तीच ताकीद लेखी मिळाली.

"ही दुसरी," मास्तर मला म्हणाले. "अजून वेळ आहे, ताई."

मी हसले. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

आणि या तारखेला पुकारा झाला. मास्तर एकटेच उभे राहिले.

"साक्षीदार कुठाय?"

"पुढच्या तारखेला नक्की, साहेब."

साहेबांनी दोन ओळी लिहिल्या, फाईल मिटली. दावा निकाली. शिपायानं दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं, तरी मास्तर तिथंच उभे. शेवटी मी हाताला धरून बाहेर आणलं.

तीस दिवसांत अर्ज केला तर दावा पुन्हा उघडेल, वकीलबाई म्हणाल्या, पण उशीर का झाला ते लिहावं लागेल. मास्तरांनी अंथरूण धरलं. सत्ताविसाव्या दिवशी मीच अर्ज घेऊन गेले. जिन्यावरून भावाची माणसं धाडधाड वर-खाली करत होती, मास्तरांच्या पांघरुणावर धूळ पडत होती.

"काय लिहू, मास्तर? भावाच्या विरोधात बोलायला बहीण तयार नव्हती, असं लिहू?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. दोन दिवसांनी ते गेले, अर्ज कोराच राहिला. माझ्याशी शेवटचं बोलले ते एवढंच:

"तिला अजून विचारलंच नाही, ताई. तिसरी झाली की विचारणार होतो."