निवडलेल्या लाटा

"पस्तीस? सुपडू, हे पस्तीस सेंटिमीटर आणलेस कुठून?"

"धरणमातून, साहेब. पाणी तठेच शे."

"यंत्राची सरासरी बावीस आहे, बावीस!"

"यंत्र नवं शे. शिकी जाई."

घैसास साहेबांनी वही टेबलावर आपटली. अठ्ठ्याऐंशी सालचा जून, पश्चिमेचा वारा, आणि शिंदखेड्याकडच्या त्या धरणाच्या चौकीत सकाळपासून हेच चाललेलं. वारा किती जोराचा, पाण्यावरून किती लांब धावला, यावरून लाट किती चढेल हे सांगणारं सूत्र साहेबांनी पुण्याहून आणलं होतं. भिंत किती उंचवायची ते त्यावर ठरायचं. सूत्र म्हणालं, छत्तीस. कागदाच्या गुंडाळीवर लाटांची नागमोडी रेघ ओढणारं यंत्र म्हणालं, बावीस. आणि सुपडू, अकरा वर्षं पाण्यातल्या रंगवलेल्या खांबाकडे बघून लाटा मोजणारा रोजंदार, म्हणाला पस्तीस. साहेबांनी निकाल लावला: यानं सूत्राचा आकडा चोरून पाहिला! 'खोट्या नोंदी, कामावरून कमी करावे' असं पत्र सहीसकट टेबलावर तयार होतं.

"मोजतोस तरी कसा?"

"शंभर लाटा देखस. बारीक सोडी देस, मोठ्या धरस."

"सोडून देतोस? लाटा काय तुझ्या घरच्या आहेत?"

कोपऱ्यात मिरच्या निवडत बसलेली त्याची बायको मंजुळाबाई फणकारली, "आम्ही दोन्ही दोंडाईच्याच्या वखारीत मिरच्या निवडेल शेत, साहेब. बारीक मिरचीवर कोणता व्यापारी भाव बोलस?"

"ही मिरची नाही, बाई!" म्हणत साहेब जेवायला गेले.

मंजुळाबाईनं कात्री घेतली आणि यंत्राची गुंडाळी पुढ्यात ओढली.

"अवं, तो सरकारी कागद शे!"

"मग सरकारी लाटा निवडू."

साहेब परतले तेव्हा गुंडाळीच्या नव्व्याण्णव चिठ्ठ्या झालेल्या. प्रत्येकीवर एकेक लाट. जमिनीवर तीन ढीग: बारीक, मध्यम, मोठ्या. प्रत्येकात तेहेतीस.

साहेबांचा हात टेबलावरच्या पत्राकडे गेला.

"मोठा ढीग मोजा, साहेब," सुपडू हात जोडून म्हणाला. "मग काढानं व्हई तर काढा माले."

तणतणत साहेबांनी फुटपट्टी घेतली. मोजलं, बेरीज केली, भागलं. पुन्हा भागलं. पस्तीस.

मग त्यांनी बॅगेतलं जाडजूड पुस्तक काढलं, सूत्राचं पान उघडलं आणि आजवर न वाचलेली खालची बारीक टीप वाचली: लाटेची उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी.

सुपडूनं वही हळूच पुढे सरकवली.

"साहेब, आजचा आकडा कोणता लिखू?"

मंजुळाबाईनं बारीक ढीग सुपात भरला. "आणि या बारीक लाटास्नं काय करू? फेकी दिऊ का?"

साहेबांनी टेबलावरचं पत्र उचललं, चार घड्या घालून खिशात कोंबलं आणि दाराबाहेर चालते झाले.