माय म्हणे, मीच मोडला

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी माय धाकट्या बहिणीला हिरव्या बांगड्या भरत होती. बहीण तेव्हा आठेक वर्षांची. मनगटाच्या वर तिचा हात थोडा सुजलेला होता, पण झोक्यावरून पडली असेल असं आम्ही धरून चाललो होतो. मायने बांगडी जरा पुढे सरकवली आणि काडकन आवाज आला. बहीण किंचाळली.

आत्या चुलीपाशी होती. ती धावत आली. "काय केलंस बाई हे? पोरीचा हात मोडलास!"

संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या मोहल्ल्यात, सिंधीपुऱ्यात, ही गोष्ट झाली. बहादरपूरच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड काही जुळेना आणि सूज वाढतच गेली. शेवटी वडिलांनी शाळेतून रजा घेतली आणि खंडव्याला गाडी बदलून आम्ही इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून मलाही नेलं होतं.

डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला. खिडकीच्या उजेडात धरून ते वडिलांना म्हणाले, "हाड आतून पोखरलं गेलंय, मास्तर. लहान मुलांत हे फार क्वचित दिसतं. पोरीने झोपेत कूस बदलली असती तरी मोडलं असतं."

वडील म्हणाले, "हे एवढं माझ्या घरच्यांना, पोरीच्या मायला, सांगा. त्यांनी कित्येक दिवस धड अन्न घेतलेलं नाही."

माय व्हरांड्यात बसली होती, बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन. डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले. "बाई, तुमच्या हातून काही झालेलं नाही. आजार आधीपासून होता."

मायने खाली बघूनच विचारलं, "आधीपासून होता, म्हणजे आधीपासून दुखत असंल ना तिला?"

बहीणच म्हणाली, "रोज नाही दुखायचं, माय."

हात कोपरावरून काढावा लागला. तरी आजार थांबला नाही, छातीत उतरला. पोळ्याच्या सुमाराला ती गेली.

आत्या नंतर मायच्या पाया पडली, रडली. मायने तिला उठवलं, पाणी दिलं. पण डॉक्टरांचं म्हणणं तिला कधीच पटलं नाही. तापीच्या घाटावर दुसऱ्या बाया आपापल्या पोरांचे हात घट्ट धरून उतरायच्या. आमची माय पदराचं टोक माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "तूच धर."