एक हीरो, तीन मालक

आमच्या दुकानातले किस्से सांगायला बसलो की आधी हसू येतं आणि मग तोंड कडू होतं. तरी एक निघाला की बाकीचे मागोमाग येतातच.

रिसोडला माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. तलवारबाजीचा गेम चालेल असा कॉम्प्युटर एकच, खेळणारे तिघे. मी, क्लासेसमध्ये गणित शिकवणारा गजानन आणि टेलर सलीम. म्हणून हीरोही तिघांत एक. लेव्हल वाढली की तीन पॉइंट मिळायचे, प्रत्येकाने एक टाकायचा. गजानन ताकदीत, मी चपळाईत आणि सलीम ‘जीवा’त, म्हणजे हीरो किती मार सोसतो त्यात. असा आमचा हीरो ना धड पहिलवान झाला, ना धड चोर.

*

एकदा भारी कुऱ्हाड सापडली. उचलायला ताकद लागायची साठ, आमची एकतीस.

गजानन सलीमवर उखडला, "तू नुसता मार खायचे पॉइंट टाकून राह्यला. कायले?"

"हीरो मेला तर कुऱ्हाड काय तू धरशीन?" सलीम म्हणाला.

*

माझीही शोभा झाली. चपळाईच्या भरवशावर ड्रॅगनच्या पायाखालून निसटायला गेलो आणि थेट दरीत पडलो.

गजानन म्हणाला, "दरीत पडाले एवढे पॉइंट कायले लागतात बे?"

*

सलीमला नाशिकला कपड्यांच्या कारखान्यात काम लागलं. एसटीत चढताना म्हणाला, "माझा पॉइंट जीवातच टाकजा."

दोन आठवडे टाकला. मग गेममध्ये एक औषध मिळालं. टाकलेले पॉइंट काढून दुसरीकडे लावता येत होते, पण एकदाच.

"सलीमचेच काढू," गजानन म्हणाला. "त्याले कोन सांगते?"

मी नाही म्हणालो नाही. त्याची लाज मला अजून वाटते. कुऱ्हाड हातात आली, आणि पुढच्याच गुहेत एका उंदराने हीरोला लोळवलं. आम्ही हसलो. सलीमचं नाव कोणी काढलं नाही.

*

सलीम ईदला आला. शीरखुर्म्याचा डबा टेबलावर ठेवून खुर्चीत बसला.

"पाहू दे, जीव किती झाला?"

त्यानेच स्क्रीन उघडली. जीव दहा, पहिल्या दिवशी होता तेवढाच. गजानन फॉर्मच्या गठ्ठ्यात काहीतरी शोधायला लागला.

नुकतीच लेव्हल वाढली होती, तीन पॉइंट टाकायचे बाकी होते. मी म्हणालो, "सलीम, तिन्ही तूच टाक."

त्याने एकच टाकला, ताकदीत. माऊस माझ्याकडे सरकवून उठला.

"डबा धुऊन पाठवजा," तो म्हणाला. "अम्मीचा हाय."