विषुववृत्तावरचे बिबडे

समुद्रकाठच्या परदेशी शहरात बिबडे वाळत नाहीत.

ही माहिती भूगोलाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. असती तर मला ठाऊक असती, कारण धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत सव्वीस वर्षं मी भूगोलच शिकवला. खारे वारे, मतलई वारे, हवेतली आर्द्रता, सगळं तोंडपाठ! (समुद्र तेवढा पाहिलेला नव्हता. पण इतिहासाच्या मास्तरने तरी कुठे लढाया पाहिलेल्या असतात?)

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बाया पाळीपाळीने एकेकीच्या घरी जमतात, तिखट, लसूण, तीळ घालून पीठ शिजवतात आणि ओल्या धोतरावर हाताने पातळ पसरतात. धुळ्याचं ऊन असं, की शेवटचा बिबडा पसरेपर्यंत पहिला वाळून वाजायला लागलेला असतो.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. आमचा मुलगा शरद अमळनेरला एका तेलगिरणीत मशिनं सांभाळायचा. तिथून एका गुजराती शेठने त्याला आफ्रिकेत नेलं. मोंबासा बंदरात शेठची खोबरेल तेलाची गिरणी होती. शरदचं तीन वर्षांचं कंत्राट ऑगस्टमध्ये संपत होतं. शेठ आणखी तीन वर्षं ठेवून घेतात की घरी पाठवतात, हे त्याच्या आत ठरायचं होतं. आणि घरी येऊन करणार काय? त्याची अमळनेरची गिरणी तोवर कुलूप लावून बसली होती. म्हणून त्याने लिहिलं, "पुढचं काही सांगता येत नाही. एप्रिलमध्येच या आणि चार महिने राहून जा."

पत्र वाचून आमच्या सौ. कडाडल्या, "चार महिना? आन् बिबडा कोन करी मंग? वरीसभर काय खाशात, भूगोल?"

"तिथेच करू!" मी म्हणालो.

शेजारच्या शांताअक्का दारात उभ्या होत्या. (त्या कायम आमच्या दारात उभ्या असायच्या. त्यांच्या स्वतःच्या दारात कोण उभं असायचं, देव जाणे.) त्या म्हणाल्या, "भाऊ, समुद्रकाठी कपडाबी वाळत नहीत म्हनतस. बिबडा वाळतीन का?"

मी अंगणात काठीने पृथ्वी काढली. तिच्या पोटावर आडवी रेघ मारली. "अक्का, हे विषुववृत्त. हे मोंबासा. इथे सूर्याची किरणं लंबरूप पडतात, लंबरूप! धुळ्यात बिबड्याला एक दिवस लागतो, तिथे चहा होईपर्यंत वाळेल!"

सौ.ना पटलं. सव्वीस वर्षांत त्यांनी माझं ऐकलं ते एवढं एकदाच, आणि तेही चुकीच्या वेळी.

मग बॅगा भरल्या. बारा किलो दादर ज्वारीचं पीठ, तीळ, लसूण, तिखट, दोन धोतरं. माझा कोट आणि तीन सदरे देवपुरातच राहिले.

मोंबासाच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि माझ्या चष्म्यावर धुकं आलं. शरदच्या घरी मीठ चमच्याने नव्हे, सुरीने काढावं लागे. काडेपेटी घासली की नुसती 'फुस्स' करून उसासा टाकी. आम्ही पिठाची पिशवी सोडताच शरद पांढराफटक पडला.

"आबा, हा टॉवेल मी सोमवारी धुतलाय. आज शुक्रवार. हात लावून बघा."

मी हात लावला. टॉवेल ओला होता.

"तुला पिळता येत नाही," मी म्हणालो.

"आबा, शेठ याच बिल्डिंगमध्ये खाली राहतात. बिल्डिंग त्यांची आहे. कंत्राटाचं ठरेपर्यंत कृपा करून काही करू नका."

"अरे, पापड वाळवल्याने कोणाचं कंत्राट गेलंय का आजवर?"

दुसऱ्या दिवशी गच्चीवर चारशे बारा बिबडे पडले. चहा झाला. दुसरा चहा झाला. जेवण झालं. सौ. वर जाऊन आल्या.

"अहो, ह्या त अजून वल्लाच शेतस!"

"लंबरूप किरणं यायची आहेत अजून," मी म्हणालो.

त्याऐवजी पाऊस आला. तिथला मोठा पावसाळा एप्रिलमध्येच असतो. (हा प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत पाच मार्कांना घालत असे!) आम्ही धोतरं उचलून खाली पळालो. तिसऱ्या दिवशी बिबड्यांना मिसरूड फुटली. चौथ्या दिवशी तिला दाढी म्हणायला हरकत नव्हती. दाढीवाले दीडशे फेकले आणि उरलेले शरदच्या खोलीत दोऱ्या बांधून लटकवले. खाली टेबलफॅन लावला. शरद बिबड्यांखाली झोपायचा, आणि सकाळी त्याच्या कपाळावर तीळ असायचे.

मग मला इस्त्रीची कल्पना सुचली. इस्त्री बिबड्यावर ठेवली, 'चर्र' झालं, आणि बिबडा इस्त्रीला चिकटला. मी खरवडला. वाटलं, निघाला. शरदने सकाळी तीच इस्त्री पांढऱ्या शर्टावर फिरवली आणि तो शर्ट घालून गिरणीत गेला. पाठीवर बशीएवढा लाल गोल, तिळांसकट! शेठ म्हणे अर्धा दिवस त्याच्या मागे मागे फिरले आणि शेवटी म्हणाले, "शरदभाई, आप की पीठ से लहसून की बास आती है."

त्या संध्याकाळी शरद माझ्यासमोर बसला. शाळेत नापास पोराच्या बापासमोर मी बसायचो, तसा.

"आबा, रविवारी शेठनी मला जेवायला बोलावलंय. त्याच दिवशी ठरणार. तुम्ही एवढं करा, रविवारी काहीच करू नका."

"काहीच करणार नाही," मी म्हणालो. आणि मनापासून म्हणालो!

पण शनिवारी त्यानेच मला गिरणी दाखवली. ही चूक त्याची. तिथे खोबरं वाळवायची एक खोली होती. जाळीच्या फळ्यांवर ओलं खोबरं पसरायचं, खालून मोठा पंखा गरम हवा मारतो, आणि वाळलेलं खोबरं समोरच्या सरकत्या पट्ट्यावरून थेट घाण्यात जातं. मी आत हात घातला. गरम, कोरडी, कडक हवा! डोळे मिटले तर थेट धुळे!

रविवारी दुपारी शरद शेठच्या घरी पुरणपोळीसारखं काहीतरी खात असताना मी आणि सौ. बिबड्यांची दोन गाठोडी घेऊन गिरणीत पोचलो. खोलीवर जुमा नावाचा कामगार होता. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने बोललो. त्यालाही काय वाटलं कोण जाणे, त्याने दार उघडून दिलं.

दहा मिनिटांत बिबडे वाळले. वाळले म्हणजे काय, टाळ्यांसारखे वाजायला लागले! सौ.च्या डोळ्यांत पाणी आलं. मी जुमाला विषुववृत्त समजावून सांगायला लागलो.

आता, खोबरं जड असतं आणि वाळलेला बिबडा हलका. (हा भाग भौतिकशास्त्रात येतो. माझा विषय नव्हे.) आधी एक बिबडा उठला. मग चार उठले. मग सगळं मंडळच उठलं! अडीचशे बिबडे पाखरांसारखे दारातून बाहेर पडले आणि शहाण्या मुलांसारखे सरकत्या पट्ट्यावर जाऊन बसले. जुमा ओरडला. मला वाटलं, तो कौतुक करतोय. मी मान लववली. घाण्याने पहिले शंभर गिळले, मग खोकला, मग शिंकला आणि गप्प झाला.

टाकीतलं तेल हळूहळू लाल झालं. साऱ्या गिरणीत लसणाची फोडणी पडल्यासारखा वास सुटला.

निरोप पोचताच पंगतीतून उठून शेठ आणि शरद धावत आले. शेठनी टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

"मास्तरसाहेब, आ शुं छे?"

"बिबडे," मी म्हणालो.

"आन् वाळेल शेतस!" सौ. अभिमानाने म्हणाल्या. "कडक!"

"अरे, ये तेल औरतें बालों में लगाती हैं! मिर्ची का तेल?" शेठ मटकन स्टुलावर बसले.

शरदने आमच्याकडे बघितलं नाही. त्याने नवा शर्ट काढून खुंटीला लावला, घाणा पुर्जा पुर्जा सुटा केला, बिबडे खरवडले, धुतला, पुसला, जोडला. जुमा हाताशी. शेठ स्टुलावरून हलले नाहीत. दिवेलागणीला घाणा पुन्हा घरघरला, आणि पांढरंशुभ्र तेल पडायला लागलं.

शेठ उठले. म्हणाले, "बाहर का मेकॅनिक आता तो आठ दिन मिल बंद. शरदभाई, तुम तीन साल कहीं नहीं जाओगे. कल कागज पे सही करो."

माझी छाती फुगली. मी म्हणालो, "बघा शेठ, आमच्या बिबड्यांमुळेच तुम्हाला याची किंमत..."

"और आप दोनों," शेठ हात जोडून म्हणाले, "मंगलवार के हवाई जहाज से जाओगे. टिकट मेरी तरफ से."

चार महिन्यांचा मुक्काम बाराव्या दिवशी आटोपला. शरद निरोपाला आला तेव्हा, खरं सांगतो, इतका आनंदी मी त्याला लहानपणापासून पाहिला नव्हता.

धुळ्यात आल्यावर शाळेने माझं व्याख्यान ठेवलं. विषय, 'परदेशातील दीर्घ वास्तव्य : काही व्यावहारिक सूचना'. हेडमास्तरांनी शाल घातली. मी पाऊण तास बोललो, आणि 'मोंबासाच्या एका बड्या शेठनी आम्हा उभयतांना स्वखर्चाने विमानाने पाठवलं' हे वाक्य तीनदा टाकलं. तिन्ही वेळा टाळ्या पडल्या.

कुठून कुठे पाठवलं, हे मात्र आजतागायत एकानेही विचारलेलं नाही!